तुकडा फिरवायचा की उलटवायचा? कोडी-खेळण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

कोडी-खेळणी आणि मुलांचं गणित या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. पत्रं बरीच आली. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

मुलगी चार वर्षांची आहे. वाढदिवसाला शंभर तुकड्यांचं जिगसॉ आलं. पाच मिनिटांत तिनं तुकडे भिरकावले. तिला कोडी आवडत नाहीत असं समजायचं का? (एक आई, सोलापूर)

मुलीचं काही चुकलेलं नाही, डबा चुकला आहे. सवय नसलेल्या चार वर्षांच्या मुलाला १२ ते २४ मोठे तुकडे पुरेसे होतात. शंभरांत एक तुकडा हातात घेतला की त्याचा शेजारी उरलेल्या ९९ मध्ये शोधायचा. दोन मिनिटांत एकही तुकडा बसला नाही तर मोठी माणसंही कंटाळतात. डब्यावरच्या ‘३+’वर जाऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा लहान तुकडा तोंडात जाण्याच्या धोक्याबद्दल असतो, कोडं किती अवघड आहे त्याबद्दल नव्हे.

आता २४ तुकड्यांचं, म्हणजे ४ बाय ६चं एक आणा आणि उलट्या बाजूनं सुरुवात करा. पूर्ण चित्र तुम्ही लावून ठेवा आणि एका जागचे लगतचे चार तुकडे काढा. इकडून-तिकडून एकेक काढू नका, खिडकीसारखं एकच भोक दिसलं पाहिजे. ते चार तिला बसवू द्या. दुसऱ्या दिवशी सहा काढा, मग नऊ. शेवटचा तुकडा बसवण्याचा आनंद पहिल्या दिवसापासून तिच्या वाट्याला येतो आणि आठ-दहा दिवसांत ती रिकाम्या ताटापासून सुरू करते.

बसल्या बसल्या तुम्ही काय बोलता याला तुकड्यांइतकंच महत्त्व आहे. ‘तो इकडे लाव’ म्हटलं की मूल फक्त तुमच्या बोटाकडे बघतं. त्याऐवजी विचारा: ‘याची सरळ कड कुठे आहे?’ ‘याला दोन सरळ कडा आहेत, मग हा कुठला असेल?’ (कोपऱ्याचा.) ‘बसत नाही? एकदा फिरवून बघ.’ तुकडा चुकीच्या दिशेनं दाबून बसवण्याची खटपट चालली असेल तर तिला अजून फिरवायचं सुचलेलं नाही असं समजा. तुकडा हातातच वळवून मग खाली ठेवायला लागली की आकार मनात फिरायला लागला. बघण्यासारखी खूण हीच, किती मिनिटं लागली ते मोजू नका. आणि मदतीला हात पुढे करण्याआधी मनात वीसपर्यंत मोजा. निम्म्या वेळा तेवढ्यात तिचं तिला सापडतं.

घरात दुसरी-तिसरीतलं भावंड असेल तर त्याला वेगळं काम द्या. ४ बाय ६च्या कोड्यात कडेचे तुकडे किती? तो ४+६+४+६ करून २० सांगेल, कारण चारही कोपरे दोनदा मोजले जातात. खरे १६, आणि आत ८. मग विचारा, कडेचे आणि आतले तुकडे सारखेच भरतील असं कोडं कोणत्या मापाचं? ६ बाय ८ (२४ आणि २४). असं आणखी एकच माप आहे, ५ बाय १२. ते त्याचं त्याला शोधू द्या. शंभरवालं कपाटात ठेवा, दीड-दोन वर्षांनी काढा.

आमच्या भागातल्या एका क्लासची जाहिरात म्हणते की कोडी खेळणाऱ्या मुलांचं गणित ‘आपोआप’ सुधारतं. संशोधन खरंच तसं सांगतं का? (एक वडील, ठाणे)

‘आपोआप’ हा शब्द जाहिरातीचा आहे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी ५३ मुलांना त्यांच्या घरी, वयाच्या २६ ते ४६ महिन्यांदरम्यान वेळोवेळी पाहिलं. त्यातली जी कोडी खेळत होती ती साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनात फिरवण्या-जोडण्याच्या चाचणीत सरस ठरली. आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न हिशेबात धरूनही हा फरक उरला. २०१२ सालचा हा अभ्यास. पण त्यात बेरीज-वजाबाकी तपासलेली नव्हती, आणि कोड्यांमुळेच हे झालं असं निव्वळ निरीक्षणातून सिद्ध होत नाही.

पुढे २०१४ मध्ये सहा ते आठ वर्षांच्या मुलांना आकार फिरवण्याचा थोडा सराव देऊन लगेच गणितं घातली, तर ४ + ☐ = ११ या जातीची गणितं त्यांना जास्त आली. पुढच्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात कित्येक आठवडे सराव देऊनही हिशेबात फरक दिसला नाही, आकार फिरवणं मात्र सुधारलं.

आमचं मत असं: कोडं मुलाला आकार, दिशा, मांडणी आणि चुकलं तर मागे येण्याची सवय देतं. हे भूमितीच्या थेट कामाचं आहे. अंकगणित त्यात आपण होऊन येत नाही. कोणीतरी ‘किती?’ आणि ‘कशावरून?’ विचारावं लागतं. तो प्रश्न फुकट विचारता येतो, त्याला क्लास लागत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग आहे, ३२ मुलं. टॅनग्राम (एका चौरसाच्या सात तुकड्यांतून आकार जुळवण्याचं कोडं) करायचा आहे, निधी नाही. पाठ्यसाहित्य स्वतः कसं बनवावं? मागच्या वर्षी केलेले तुकडे नीट जुळतच नव्हते. (एक शिक्षिका, नंदुरबार)

जुळत नाहीत याची कारणं साधारण दोन: मापं कर्णावर मोजली जातात, किंवा ओल्या फेविकॉलनं पुठ्ठा वाकतो. दोन्ही टाळता येतात.

२२ बाय २८ इंची कार्डशीट घ्या. त्यात १६ सेंटिमीटर बाजूचे १२ चौरस निघतात. जोडीला एक संच धरला तर १६ संच लागतील. दोन शीटमध्ये २४ होतात, उरलेले आठ हरवलेल्या तुकड्यांसाठी ठेवा, कारण ते हरवतातच. शीट दोन्ही बाजूंनी एकाच रंगाची हवी. हा हट्ट का, ते खाली येईल. जाड हवं असेल तर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवा, पण कापण्याआधी, फेविकॉलचा पातळ हात देऊन आणि रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली दाबून. मग मागची बाजूही त्याच रंगाच्या कागदानं मढवा. खोक्याचा नालीदार पुठ्ठा नको, त्याच्या कडा चेपतात आणि कोन बोथट होतात.

प्रत्येक चौरसावर ४-४ सेंटिमीटरची जाळी पेन्सिलीनं आखा, म्हणजे १६ चौकटी. आता कर्णावर काही मोजायचं नाही, सगळे बिंदू जाळीच्या कोपऱ्यांवरच येतात. चौरसाचे कोपरे डावीकडे वर क, उजवीकडे वर ख, उजवीकडे खाली ग, डावीकडे खाली घ.

१. क ते ग सरळ रेघ.
२. वरच्या बाजूच्या मध्यापासून उजव्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ.
३. घ पासून निघून चौरसाच्या केंद्रातून जाणारी आणि दुसऱ्या रेघेवर थांबणारी रेघ. ख पर्यंत न्यायची नाही. निम्मे संच इथेच बिघडतात.
४. वरच्या बाजूच्या मध्यापासून तिरकं खाली-डावीकडे, एका चौकटीच्या कर्णावरून, पहिल्या रेघेपर्यंत.
५. तिसरी रेघ जिथे थांबली तिथून सरळ खाली, पहिल्या रेघेपर्यंत. ही दोन चौकटींएवढी, म्हणजे ८ सेंटिमीटर भरते.

पाच रेघा, सात तुकडे: दोन मोठे त्रिकोण, एक मधला, दोन लहान, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन. कटर आणि स्टीलची पट्टी वापरून तुम्ही कापा, मुलांच्या हातात कटर देऊ नका. प्रत्येक संचाच्या सातही तुकड्यांवर दोन्ही बाजूंना संचाचा क्रमांक घाला. हे केलं नाही तर दुसऱ्या तासाला दोन जोड्यांचे तुकडे मिसळतात आणि उरलेला तास भांडण सोडवण्यात जातो.

पहिल्या तासाला मांजर, बदक वगैरे काही नको. लहान त्रिकोण हातात घ्यायला सांगा आणि विचारा, बाकीचा प्रत्येक तुकडा अशा किती त्रिकोणांनी झाकेल? शेजारच्या जोडीचे त्रिकोण उसने घेऊ द्या. मधला त्रिकोण, चौरस आणि समांतरभुज या तिन्हींचं उत्तर २ येतं, मोठ्या त्रिकोणाचं ४. चौरस मोठा ‘दिसतो’ म्हणून मुलं आधी ३ सांगतात. खोडून काढू नका, झाकून बघू द्या. सगळं मिळून १६. म्हणजे लहान त्रिकोण पूर्णाचा १/१६, मधला १/८, मोठा १/४. फळ्यावर १/४ + १/४ + १/८ + १/८ + १/८ + १/१६ + १/१६ मांडा. छेद समान करणं एरवी चौथीत रडकुंडीला आणतं. इथे तेच काम मुलांनी हातानं आधीच केलेलं असतं.

दुसऱ्या तासाला लहान त्रिकोणाची किंमत १ रुपया ठरवा. बदकाची किंमत किती? घोड्याची? सातही तुकडे वापरले तर कुठल्याही आकाराचे १६ रुपयेच होणार, पण चौथीतली बरीच मुलं दर वेळी नव्यानं बेरीज करतात. मग वर्गात कुणीतरी म्हणतं, ‘बाई, मोजायचं कशाला?’ तिथे थांबा आणि त्याला सगळ्यांपुढे समजावून सांगू द्या.

परिमिती मात्र बदलते. सातही तुकड्यांचा मूळ चौरस ६४ सेंटिमीटर, आयत केला तर साधारण ६८, एकच मोठा त्रिकोण केला तर साधारण ७७. सुतळीनं मोजायला लावा. क्षेत्रफळ तेच आणि कुंपण वेगळं, हे शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा इथे लवकर उमगतं.

आता दोन्ही बाजूंच्या रंगाचं. समांतरभुज चौकोन नुसता फिरवून त्याचा आरशातला आकार मिळत नाही, तो उलटवावाच लागतो. सातांत असा तो एकटाच. मागची बाजू पांढरी असली की मुलांना वाटतं उलटवणं नियमाबाहेर आहे, आणि काही आकृत्या त्यांना कधीच जमत नाहीत. जिगसॉत फक्त फिरवायचं, इथे फिरवायचंही आणि उलटवायचंही. हे दोन शब्द वर्गात वेगवेगळे वापरा.

हुशार जोड्यांसाठी: एका तुकड्याचा चौरस आहेच. दोन, तीन, चार, पाच आणि सात तुकड्यांचे चौरसही होतात. सहांचा होत नाही. हे आधी सांगू नका. तुमच्यापुरतं कारण: सहा तुकडे वापरायचे म्हणजे एक वगळायचा, मग उरतात १५, १४ किंवा १२ लहान त्रिकोण. आपल्या १६ त्रिकोणांच्या चौरसाची बाजू ४ चौकटी, म्हणून या चौरसांची बाजू १५, १४ किंवा १२ यांचं वर्गमूळ असायला हवी. तुकड्यांच्या कडा २ आणि √२ च्या पटीतल्या आहेत, त्या कशाही जोडल्या तरी ही लांबी भरत नाही.

सातवीतला मुलगा रुबिकचा क्यूब ४० सेकंदांत सोडवतो, पण गणितात जेमतेम पास होतो. मग क्यूबचा उपयोग काय? (एक पालक, कोल्हापूर)

तो क्यूब बहुधा पाठ केलेल्या चालींनी सोडवतो. अमुक रंग इथे आला की या आठ चाली. बोटांची चपळाई आणि स्मरणशक्ती यात चांगलीच लागते, पण विचार ज्यानं पहिल्यांदा चाली शोधल्या त्यानं केलेला असतो. ४० चे ३० सेकंद झाल्यानं गणितात काही भर पडणार नाही.

गणित काढायचं असेल तर घड्याळ बाजूला ठेवून त्याला हे द्या. सोडवलेला क्यूब घ्यायचा. उजवी बाजू पाव फेरा वर, वरची बाजू पाव फेरा घड्याळाच्या दिशेनं, उजवी खाली, वरची उलट. या चार चाली पुन्हा पुन्हा करायच्या. क्यूब किती वेळांनी पूर्ववत होतो? सहा वेळांनी. हे तो मिनिटात सांगेल. आता फक्त दोनच चाली: उजवी वर, वरची घड्याळाच्या दिशेनं. किती वेळांनी? इथे तो हरखेल, कारण उत्तर १०५ आहे, म्हणजे २१० फिरक्या. एक फिरकी चुकली तर हिशेब बिनसतो, म्हणून दर दहा वेळांनी कागदावर खूण करायची.

खरा प्रश्न यापुढे: १०५च का? त्याला फक्त कडेचे, दोन रंगांचे तुकडे बघायला सांगा. ते दर ७ वेळांनी जागेवर येतात. मग फक्त कोपरे, ते सगळे नीट रंगासकट दर १५ वेळांनी. दोन्ही एकदम जागेवर कधी? ७ आणि १५चा लसावि. परीक्षेत त्याला ‘दोन घंटा एकदम कधी वाजतील’ म्हणून विचारतात ते हेच.

नातवंडं सुट्टीत येतात. घरातल्या वस्तूंत करता येईल असं काही? वयं ७, ९ आणि १२. (एक आजोबा, सातारा)

एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांची झाकणं आणि तीन ताटल्या घ्या. झाकणं मोठ्यावर लहान अशी पहिल्या ताटलीत रचा आणि ती सगळी तिसऱ्या ताटलीत न्यायला सांगा. एका वेळी एकच झाकण हलवायचं, मोठं झाकण लहानावर ठेवायचं नाही. फ्रेंच गणिती एडुआर लुकास यानं हा खेळ १८८३ साली बाजारात आणला. काशीच्या देवळातले पुजारी ६४ सोन्याच्या चकत्या हलवत बसलेत, ही त्याच्याबरोबर फिरणारी गोष्ट युरोपातच रचलेली आहे.

नाणी वापरू नका. जुनं पाच रुपयांचं आणि नवं दोन रुपयांचं नाणं एकाच मापाचं निघतं, मग कोण मोठं यावरून वाद होतो.

पाच झाकणांनी सुरुवात केली तर सात वर्षांचा गोल गोल फिरत राहील. त्याला दोनच द्या (३ चाली), मग तीन (७). नऊ वर्षांच्या मुलानं चाली मोजून लिहायच्या: १, ३, ७, १५, ३१. मोठ्याला विचारा, सहा झाकणांना किती? ‘दुप्पट अधिक एक’ तो आकडे बघूनच ओळखेल, पण कारण मागा. चौथं, सगळ्यात मोठं झाकण हलवायचं तर वरची तीन आधी मधल्या ताटलीत गेली पाहिजेत, ७ चाली. मोठं हललं, १. तीन पुन्हा त्यावर, ७. झाल्या १५. त्याला हे धाकट्याला समजावून सांगता आलं तर सहाचं उत्तर (६३) हलवून पाहायची गरज नाही.

बहुतेक मुलं पहिल्याच चालीत अडकतात. झाकणं विषम असतील तर सगळ्यात लहान झाकण थेट शेवटच्या ताटलीत, सम असतील तर मधल्या. हे तुम्हाला ठाऊक असू द्या, त्यांना सांगू नका. चुकीच्या ताटलीत सुरू केलं की सगळा मनोरा मधल्या ताटलीत तयार होतो आणि कारण त्यांचं त्यांना कळतं.

कागद-पुठ्ठा नको, घन आकृत्यांसाठी काही सुचवा. (एक शिक्षक, परभणी)

काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या विज्ञान केंद्रात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी ही जोडणी शाळाशाळांत पोचवली. काड्यांचा गूल आधी ब्लेडनं तुम्ही खरवडून काढा. ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा, दोन्ही टोकांत काड्या खुपसा. तिसरी काडी हवी तिथे ट्यूबला मधोमध काट्यानं भोक पाडा आणि टोक काढलेली काडी आत सरकवा. त्रिकोण हलत नाही, चौकोन लगेच कलंडतो, हे आधी हातानं कळू द्या. मग सहा काड्यांत चार त्रिकोण करायला सांगा. मुलं बराच वेळ टेबलावर सपाटच मांडत बसतात.

सरकत्या आकड्यांचं (१ ते १५, सोळावं घर रिकामं) खेळणं मुलीनं उचकटलं आणि तुकडे परत बसवले. आता कितीही केलं तरी शेवटी १५, १४ असंच राहतं. तिला येत नाही की खेळणं बिघडलं? (एक आई, मडगाव)

तिला येतंय. तुकडे परत बसवताना ते न सुटणाऱ्या रांगेत बसले. अंदाधुंद बसवले तर निम्म्या वेळा असंच होतं. १८८० च्या सुमाराला अमेरिकेत या खेळानं वेड लावलं होतं. पुढे सॅम लॉइड या कोडेकारानं नेमकी हीच १४-१५ची अदलाबदल सोडवणाऱ्याला १,००० डॉलर देऊ केले. त्याला धोका काहीच नव्हता, कारण ती अशक्य असल्याची सिद्धता १८७९ मध्येच छापून आली होती.

कारण पाचवी-सहावीच्या मुलीला समजतं. पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा आहे असं धरा. रिकामी जागा दर चालीला रंग बदलते. ती सुरुवातीच्या घरात परत यायची तर चाली सम संख्येतच व्हायला हव्यात. प्रत्येक चाल म्हणजे एक आकडा आणि रिकामी जागा यांची एक अदलाबदल, म्हणजे एकूण अदलाबदली सम. पण फक्त १४ आणि १५ बदलायचे तर एक, म्हणजे विषम. दोन्हींचा मेळ बसत नाही.

पुढच्या वेळी आधीच तपासता येईल. रिकामी जागा खाली उजवीकडे आणा आणि आकडे ओळीनं कागदावर लिहा. प्रत्येक आकड्याच्या नंतर त्याच्याहून लहान आकडे किती येतात ते मोजा आणि बेरीज करा. सम आली तर सुटेल, विषम आली तर नाही. सध्या चपट्या चमच्याच्या टोकानं कुठलेही दोन आकडे उचला आणि एकमेकांच्या जागी बसवा.